शेहेचाळीस दात

४ फेब्रुवारी, रविवार

करून बसलो! काम सकाळी अकरालाच संपलं, आता चार वाजले तरी दुसरी गाडी हातात घेतलेली नाही. तीस वर्षं गॅरेज चालवतोय. गिऱ्हाइकाला जुना पार्ट नवा म्हणून कधी लावला नाही, न बदललेलं तेल बदललं असं कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा फसवलं — आणि कुणाला, तर पोटच्या पोरीला.

धाकटी पंधरा दिवस पिच्छा पुरवत होती — चेनचं मागचं दातेरी चाक बदला म्हणून. "बाबा, मागचं स्प्रॉकेट लहान बसवून द्या. गाडी जोरात पळतच नाही." रक्तपेढीत कामाला आहे ती. रक्ताच्या पिशव्या बर्फाच्या पेटीत घालून मोटरसायकलवरून डोंगरातल्या दवाखान्यात पोचवते. बावन्न किलोमीटर जायचं, बावन्न यायचं. गेल्या महिन्यात एकदा उशीर झाला तर वरच्या डॉक्टरीणबाई तिला चारचौघांत बोलल्या. "तुझ्या दहा मिनिटांत इथे माणूस जातो." तेव्हापासून टॉप स्पीडचं खूळ डोक्यात बसलंय.

समजावलं. "लहान बसवलं की टॉप वाढेल, पण पिकअप मरेल. चढावर रडेल गाडी."

उत्तर तयारच! "चढ बारा किलोमीटर, सपाट चाळीस. तुम्हीच हिशोब करा."

हिशोब मीच शिकवलाय ना! शाळा सुटली की गॅरेजात येऊन उपड्या डब्यावर बसायची. चेनच्या दोन टोकांना दोन दातेरी चाकं. पुढचं चौदा दातांचं, मागचं बेचाळीस. पुढचं तीनदा फिरेल तेव्हा मागचं एकदा. मागचे दात कमी केले की तेवढ्याच इंजिनात चाक जास्त फिरतं — टॉप स्पीड वाढतो, पण गाडी उचलायला जड. दात वाढवले की सुटताना झेप, वेग चढला की मात्र दम संपतो. "म्हणजे दोन्ही नाही मिळत?" आठ वर्षांची होती, तोंड एवढंसं झालं होतं. नाही मिळत, बेटा. एकीकडे घेतलं की दुसरीकडे द्यावं लागतं.

तिला अडतीस दातांचं हवं होतं. मी शेहेचाळीसचं बसवलं.

काय करू? माझ्याकडे गाड्या येतात त्या पडलेल्या येतात. वाकलेलं हँडल सरळ करताना मी कधी विचारत नाही चालवणाऱ्याचं काय झालं. परवाच एक आली, त्याच सरळ रस्त्यावरची. हँडलला अडकवलेली पिशवी तशीच होती. आत इस्त्रीला न्यायचे दोन शर्ट. मालकाचा भाऊ आला, पिशवी छातीशी धरून गेला, गाडीचं नंतर बघू म्हणाला.

नाही म्हणालो असतो तर ती दुसऱ्या गॅरेजात गेली असती. हट्टी आहे — माझ्यावरच गेलीय. म्हणून हो म्हणालो आणि उलटं केलं. स्प्रॉकेटवर दातांचा आकडा ठोकलेला असतो. ती बाजू आत वळवून बसवली. चेनला दोन कड्या वाढवाव्या लागल्या, त्या वाढवल्या. वरून कव्हर लावून टाकलं. संपलं!

"अडतीस?" तिने विचारलं.

"अडतीस."

५ फेब्रुवारी

खूश आहे! आल्या आल्या गळ्यात पडली. "काय उडते हो बाबा! जरा ओरडते जास्त, पण मीटर बघता बघता ऐंशीवर!"

उडणारच. पिकअप वाढलाय. आणि मीटर? त्या बिचाऱ्याला मागच्या चाकाचा पत्ताच नाही. या गाडीचं मीटर गिअरबॉक्सकडून वाचतं. मागे बेचाळीस आहेत असं समजून आकडा दाखवतं. काटा ऐंशीवर असतो तेव्हा माझी पोरगी खरी त्र्याहत्तरने चाललेली असते. कितीही पिळली तरी आता शंभराच्या वर जात नाही — आणि तिला वाटतं एकशे दहा!

राहवेना म्हणून शेजारच्या लेथवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू बाप आहेस का चोर?" म्हटलं, पोरगी मोठी झाली की फरक राहत नाही. दोघंही पोट धरून हसलो.

रात्री छान झोप लागेल.

१० फेब्रुवारी

चेनला तेल घालते म्हणाली. म्हटलं, तू कशाला हात काळे करतेस, मी घालतो. घातलं. कव्हर तिच्यासमोर उघडलं नाही.

१४ फेब्रुवारी

हातातला घास हातातच राहिला आज.

धाकटी आली, हेल्मेट न काढता तशीच खुर्चीत बसली. रक्तपेढीत तिच्यावर एक साहेब आहेत. रजिस्टरच्या प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी लावून रेघ मारतात म्हणून घरात आम्ही त्यांना पट्टीसाहेब म्हणतो. निघताना मीटरचा आकडा लिहायचा, परत आल्यावर लिहायचा, वेळ लिहायची — असा तिथला नियम. आज पट्टीसाहेबांनी दोन महिन्यांची पानं तिच्यापुढे ठेवली. जानेवारीत रोज एकशे चार किलोमीटर. पाच तारखेपासून रोज एकशे चौदा.

"रोज दहा किलोमीटर जास्त. पोचायला चार मिनिटं जास्त. रक्त घेऊन मधे कुठे जातेस?"

ती म्हणाली, कुठेच नाही. ते म्हणाले, मग गाडी जाते का एकटी?

बायको तिला प्रश्न विचारत होती, तोवर मी पेपरच्या कडेला पेन्सिलने मांडलं. एकशे चार गुणिले शेहेचाळीस भागिले बेचाळीस. एकशे तेरा पूर्णांक नऊ! गणित इतकं बरोबर येऊ नये कधी. आणि चार मिनिटं — तीही माझीच. काटा बघून नेहमीच्या वेगाने चाललीय असं तिला वाटतं, आणि चालते हळू. मी तिला वाचवायला गेलो आणि रक्ताला उशीर केला.

"मीटर बिघडलं असेल," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, बाबांकडून तपासून आण, लिहून आण. त्यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवीन."

त्यांच्या शब्दावर!

१५ फेब्रुवारी

सकाळी दुकानाच्या छापील कागदावर लिहून दिलं — मीटर तपासलं, ठीक आहे.

तासभर बसलो होतो कागद पुढ्यात घेऊन. बिघडलंय असं लिहिलं असतं तर? त्यांनी नवीन बसवून घ्यायला सांगितलं असतं. नवीनही एकशे चौदाच दाखवणार! मग तर पोरगी पक्की चोर ठरणार. खरं लिहायचं तर — नाही धाडस झालं. मीटर ठीक आहे, यात एक अक्षर खोटं नाही. इतका खोटा कागद मात्र आयुष्यात लिहिला नव्हता.

तिने वाचला. घडी घातली. "बरं," एवढंच.

बायकोला वेगळाच संशय. "अहो, कोणीतरी आहे. भेटायला थांबत असणार. म्हणून तर सव्वीस वर्षांची होऊन एकही स्थळ पसंत पडत नाही!" रागावली होती, पण डोळ्यांत जरा आनंदही होता. "कोण आहे, काय करतो, एवढं विचारा. मी काय खाते का त्याला?"

म्हटलं, नसेल गं कोणी.

"तुम्हाला काय कळतं? तुमचं सगळं लक्ष नटबोल्टात."

१८ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं होतं, आज गुपचूप बेचाळीसचं परत लावायचं. धाकटी थोरलीकडे गेली होती रिक्षाने, गाडी इथेच. चाक काढलं. बेचाळीसचं हातात घेतलं. आणि तसाच बसून राहिलो.

उद्या मीटर एकशे चार दाखवणार. पट्टीसाहेब काय म्हणतील? पकडली तशी सरळ आली! म्हणजे मी दुरुस्त केलं तर गुन्हा शाबीत, नाही केलं तर रोज दहा किलोमीटर वाढत जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी — हातात पान्हा घेऊन.

लेथवाला दारात आला, बघून गेला, परत आला. आज हसला नाही. "सांगून टाक," म्हणाला.

"काय सांगू? तुझ्याशी खोटं बोललो, आणि वर लिहूनही दिलं?"

"हो. असंच."

त्याला मुलगे आहेत. मुलगे बापाला मनावर घेत नाहीत. ही घेते. या पोरीने आजवर माझ्या शब्दाला कधी दुसऱ्या कुणाचा शब्द लावून बघितला नाही. शेहेचाळीसचं परत बसवलं, आकडा आत.

२० फेब्रुवारी

आज सांगतो असं ठरवलं. सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी

रक्तपेढीत गेलो. पट्टीसाहेबांनाच सांगून येतो, पोरीला मागाहून सांगू — असं वाटेत तीनदा म्हणून पाहिलं. पहिलं वाक्य पाठ केलं होतं. "साहेब, चूक माझी आहे."

खोलीत शिरलो तर उभे राहून हात मिळवला त्यांनी! "या या. तुमचीच आठवण काढत होतो. व्हॅनचा ब्रेक जरा लांब लागतोय." चहा मागवला. रक्तपेढीच्या दोन्ही व्हॅन माझ्याकडेच असतात, बारा वर्षं झाली. म्हणाले, "मी इथे कुणाला सांगतो माहीत आहे? ब्रेकला हात लावायचा तर त्या एका माणसाने. बाकी सगळे नफा बघतात, हा माणूस नट बघतो." मग आवाज खाली आणून, "मुलीचं वाईट वाटतं हो. तुमच्या घरची, म्हणून अजून वर कळवलेलं नाही. तुम्ही जरा समजावा तिला."

मी म्हणालो, "समजावतो."

हे माझं वाक्य! पाठ केलेलं दुसरंच होतं, तोंडातून हे आलं. मग व्हॅनखाली शिरलो, ब्रेक नीट केला, हात पुसले, घरी आलो. तिथे आडवा पडलो होतो तेवढा वेळ बरं वाटत होतं. व्हॅनखाली कुणी तोंड बघत नाही.

२४ फेब्रुवारी

धाकटी जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणे. मीही जेवलो नाही. बायको म्हणाली, घरात दोन-दोन उपाशी आणि मी काय भिंतींना वाढू?

२८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी क्लचच्या प्लेट आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तर धाकटीची गाडी गॅरेजात आत घेतलेली. ती नळाखाली हात धूत होती, साबण लावून, कोपरापर्यंत.

"काय गं? लवकर?"

"हवा भरली," म्हणाली. वर बघितलं नाही. डोळे लाल होते. साहेब बोलले असतील पुन्हा. मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे आहे?

२९ फेब्रुवारी

आज मात्र नवल! धाकटीने येताना मोठी ट्यूब आणली आणि स्टुलावर चढून माझ्या कामाच्या बाकड्यावर स्वतः लावली. "उजेड कमी पडतो बाबा इथे." मला कधी पडला नव्हता. संध्याकाळी शेजारी बसून अख्खा पेपर वाचून दाखवला, हवामानापर्यंत. लहान असताना मी वाचून दाखवायचो तसा.

एवढ्या त्रासात असून माझ्यासाठी हे करते. असं वाटलं की ट्यूब काढून डोक्यात घालून घ्यावी.

१ मार्च

आणखी बिघडलं. परवापासून तिची वेळ परत जागेवर आलीय, चार मिनिटं भरून निघाली. अंतर मात्र एकशे चौदाच. पट्टीसाहेब भडकले. "म्हणजे आधी फिरायचं आणि मग सुसाट सुटायचं! अपघात झाला तर पिशव्यांना जबाबदार कोण?" लेखी खुलासा द्या, नाहीतर गाडीवरून उतरा — असं पत्रच दिलंय. चार दिवसांत.

पिशव्यांना जबाबदार कोण! पोरीला जबाबदार कोण, हे नाही विचारलं त्यांनी.

वेळ भरून काढते म्हणजे गाडी पिळते. माझं शेहेचाळीस लावून इंजिन ओरडेपर्यंत पिळते. कुणाला ओलांडायला बाहेर निघाली आणि मधेच दम संपला तर? समोरून ट्रक, आणि मूठ फिरवली तरी गाडी पुढे सरकत नाही. हे मला त्या रविवारी सुचायला नको होतं? तीस वर्षांचा मेकॅनिक ना मी! ती घरी येईपर्यंत आज तीन गाड्या चुकीच्या जोडल्या आणि परत खोलल्या.

४ मार्च

संपलं सगळं.

तिने खुलासा दिला. बायकोने विचारलं तेव्हा प्रत दाखवली. तिचं नीटस अक्षर. "मी कामाच्या वेळेत वाट सोडून जात होते. माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही." खाली सही. पट्टीसाहेबांनी गाडीवरून उतरवलं, टेबलावर बसवलं. दिवसभर पिशव्यांना लेबलं चिकटवायची. डोंगरातल्या फेरीला आता दुसरा माणूस जातो.

मी विचारलं, "असं का लिहिलंस? तू जात नव्हतीस ना कुठे?"

"जाऊ द्या ना बाबा."

"जाऊ द्या काय? न केलेलं कबूल करतं का कुणी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेलं असतं. काहीतरी मऊ होतं त्या बघण्यात, आजारी माणसाकडे बघतात तसं. हीच वेळ होती. आत्ता, याच क्षणी सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

"जेवलीस का?" म्हणालो.

"जेवले," म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली.

बायको ओरडेल, त्या मुलाचं नाव विचारेल असं वाटलं होतं. पण ती मला म्हणाली, "पायरी बघून उतरा हो." तीस वर्षं त्याच पायरीवरून उतरतोय मी!

७ मार्च

धाकटी बसने कामाला जाते. गाडी गॅरेजात कोपऱ्यात उभी. दिवसातून दहा वेळा तिला वळसा घालून जावं लागतं.

आज बायकोने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि माझी बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली. काय चाललंय हिचं?

१० मार्च, रविवार

घाईत लिहितोय. अक्षर वाईट येईल, येऊ दे.

गाडी आता कुठे जात नाही, आकडे कुणी लिहीत नाही. निदान तिचं जुनं बेचाळीसचं स्प्रॉकेट तरी जागेवर लावू म्हणून सकाळी कव्हर काढलं. आणि एका दातावर खडूची खूण!

दात मोजायचे तर आधी एका दातावर खडू लावायचा, मग तिथून मोजत परत त्या खुणेपर्यंत यायचं. नाहीतर माणूस गोल गोल फिरत राहतो, कुठून सुरू केलं तेच कळत नाही. हे मी तिला उपड्या डब्यावर बसवून शिकवलं होतं. माझी खूण मी मोजून झालं की पुसतो. ती नेहमी विसरायची.

अठ्ठावीस तारीख. कोपरापर्यंत साबण.

चाक तसंच टाकून घरात गेलो. बायको तांदूळ निवडत होती. म्हटलं, "धाकटीला माहीत आहे?"

तिने ताट बाजूला ठेवलं. पदराने डोळे पुसले. "तुम्हाला कळू द्यायचं नाही असं तिने शपथ घालून सांगितलंय मला."

मग सगळं सांगितलं. धाकटीने रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड बघत मीटर ताडून पाहिलं होतं. प्रत्येक दगडाला मीटर पुढे. मग कव्हर काढलं, दात मोजले. शेहेचाळीस. तिला आधी खरंच वाटेना, तीनदा मोजले. आकडा शोधला तर तो आतल्या बाजूला. घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हणाली —

"आई, बाबांना आता दिसत नाही गं. अडतीस आणि शेहेचाळीसातला फरक कळला नाही त्यांना. उलटं बसवलं, तेही कळलं नाही. साहेबांना खरं कारण सांगितलं तर उद्या व्हॅनचे ब्रेक कोण देईल बाबांकडे? ज्याला दात मोजता येत नाहीत, त्याच्या हातात कुणी जीव देत नाही. माझं काय, मी लेबलं चिकटवीन. बाबांचं नाव गेलं तर ते दुसऱ्या दिवशी मरतील."

बायको म्हणाली, "दिसत नव्हतं तर मला सांगायचं होतं ना हो. मी काय परकी आहे?"

 ट्यूब. पेपर. पायरी. कप.

आकडा मी लपवला, तिला वाटलं मला दिसला नाही. आणि चेन? अडतीस लावायला चेनच्या कड्या कमी कराव्या लागतात. मी दोन वाढवल्यात. चुकून कुणी कड्या वाढवतं का? एवढी हुशार पोरगी, हे तिच्या लक्षात कसं आलं नाही? का आलं, आणि तिने तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं? माझ्यासारखा बाप खोटं बोलेल यापेक्षा तो आंधळा झालाय हे तिला सोपं वाटलं असेल.

बायकोला सांगायला गेलो. "अगं, मला दिसतं." तिने माझा हात धरला. "असू दे," म्हणाली. "असू दे आता."

१३ मार्च

धाकटीने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, उद्या सकाळी दहाची. रजाही काढलीय. चिठ्ठी टेबलावर, मोठ्या अक्षरांत, स्केचपेनने — मला वाचता यावी म्हणून!

"मला दिसतं गं चांगलं," म्हणालो. "चार वर्षांपूर्वीचाच चष्मा आहे, त्यातून सगळं दिसतं."

"सगळेच असं म्हणतात बाबा." हसली. "घाबरू नका. मी आहे ना बरोबर."

पुढे बोलायचं होतं. ती थांबलीच नाही, माझा चष्मा घेऊन गेली आणि ओढणीने पुसून आणून दिला.

दुपारभर एकच विचार डोक्यात घोळतोय. लिहायलाही लाज वाटते. आंधळं व्हायला काही लागत नाही! उद्या डॉक्टर वाचायला देतील. शेवटच्या दोन ओळींवर अडखळायचं. "नाही दिसत हो," म्हणायचं. जाड काचा मिळतील, थेंब मिळतील. म्हातारा बाप, थकलेली नजर, झाली चूक. तिने माफ केलंच आहे. माझं नाव राहील. तिने बापावर ठेवलेला विश्वासही राहील. कुणाचं काय बिघडतं?

तिची फेरी गेली. तिची सही त्या कागदावर राहिली.

१४ मार्च, गुरुवार

धाकटीने डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं. "लांबचं ठीक आहे, जवळचं दिसत नाही त्यांना. कामात दात मोजावे लागतात." डॉक्टरांनी बारीक अक्षरांचं कार्ड माझ्या हातात दिलं. "दात मोजताना धरता तेवढ्या अंतरावर धरा, आणि दिसेल तिथपर्यंत वाचा. घाई नाही."

ती खुर्चीच्या मागे उभी होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून.

पहिली ओळ वाचली. दुसरी. तिसरी, चौथी. पाचवीला डॉक्टर म्हणाले, "वा." मी थांबलो नाही. शेवटची ओळ मुंगीच्या पायांएवढी होती. तीही वाचली, एकेक अक्षर, मोठ्याने.

वाचायला सुरुवात केली तेव्हा तिचा हात खांद्यावर होता. संपलं तेव्हा नव्हता.